आमच्या कॅमेऱ्याची निवड

मनुष्य आपल्या गरजेपुरतीं हत्यारें जवळ बाळगतो, आणि गरज वाढली म्हणजे हत्यार बदलतो. सुताराचा मुलगा प्रथम लहान रंध्यावर हात बसवितो. शिंप्याचा मुलगा काजें करण्यापासून आरंभ करितो. पुढें हाताला वळण लागलें म्हणजे मोठें हत्यार आपोआप त्याच्या स्वाधीन होतें. यंत्रांच्या बाबतींत मात्र हल्लीं हा क्रम उलटा झालेला दिसतो. हाताला वळण लागण्यापूर्वींच बाजार नवें यंत्र पुढें करितो, आणि आपणांस काय पाहिजे हें आपण ठरविण्याच्या आधींच दुकानदार तें ठरवून मोकळा होतो. गेल्या वर्षीं आमच्यावर असाच प्रसंग आला. खिशांत मावणारा लहान कॅमेरा सोडून, भिंगें बदलतां येतील असा पहिला मोठा कॅमेरा, ज्यास डी. एस. एल. आर. म्हणतात, तो आम्हांस घ्यावयाचा होता. त्या निवडींत आम्हीं कोणता विचार केला, कोणतीं गणितें मांडलीं व शेवटीं काय घेतलें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा बेत चालू असेल त्यांस ह्याचा कांहीं उपयोग होईल. आणि ज्यांस कॅमेरा घ्यावयाचा नाहीं अशा विद्यार्थ्यांस निदान एवढें कळेल कीं, वर्गांत शिकविलेलें गणित व पदार्थविज्ञान कधीं कधीं फळ्यावरून उतरून बाजारांतहि आपल्याबरोबर येतें.

आमचा लहान कॅमेरा २०११ सालीं घेतलेला. त्याच्यावर आमचा मुळींच राग नाहीं. शाळेच्या सहली, खेळांचे सामने, पावसाळ्यांतील वृक्षारोपण, शिक्षकांचे निरोपसमारंभ, ह्या सर्वांचीं जीं छायाचित्रें आमच्या वार्षिकाच्या मागील अंकांत छापलीं गेलीं, त्यांतील बहुतेक त्यानेंच टिपलेलीं आहेत. दिवसाच्या स्वच्छ उजेडांत त्यानें कधीं दगा दिला नाहीं. अडचण येई ती दिवस मावळल्यावर. आमचें स्नेहसंमेलन सायंकाळीं सात वाजतां सुरू होतें. सभागृह जुनें, त्याचें छत उंच, आणि रंगमंचावर चार पिवळे दिवे. लहान कॅमेऱ्याच्या अंगचा फ्लॅश तीन-चार मीटरांपलीकडे पोहोंचत नसे. तो पुढच्या रांगेंत बसलेल्या पाहुण्यांचीं डोकीं मात्र लख्ख उजळून टाकी. फ्लॅश बंद ठेवावा, तर चित्रांतील माणसें हललेलीं येत.

दोन वर्षांपूर्वींच्या संमेलनांत आमच्या वसतिगृहांतील इयत्ता सातवीची एक मुलगी कोळीनृत्यांत होती. तिचे आईवडील ऊसतोडीचें काम करितात. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्याकडे निघावयाचें, तें उन्हाळा लागल्यावर परतावयाचें, असा त्यांचा दरवर्षींचा क्रम. संमेलन डिसेंबरांत, तेव्हां लेकीचें नृत्य पाहण्यास येणें त्यांना शक्यच नव्हतें. मुलीनें आम्हांस येऊन विनंति केली, "सर, माझा एक फोटो काढाल का? आईला पाठवायचा आहे." आम्हीं तो काढला, कागदावर छापून घेतला व गांवच्या मुकादमाच्या हस्तें पाठवूनहि दिला.

एप्रिलांत ती माउली लेकीस नेण्यास शाळेंत आली. चित्र तिनें पिशवींत वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्यें जपून ठेविलें होतें. तें आमच्यापुढें धरून ती म्हणाली, "गुरुजी, समद्या पोरी एकसारख्याच दिसत्यात. ह्यांतली माझी कंची?" मुलीनें पुढें होऊन बोट ठेवून दाखविलें. त्या जागीं निळ्या लुगड्याचा एक ओघळ होता आणि तोंडाच्या ठिकाणीं फिकट डाग. आई तें चित्र बराच वेळ न्याहाळीत राहिली, व "बरं हाय" एवढेंच म्हणून तिनें तें पुन्हां पुठ्ठ्यांमध्यें ठेवून दिलें. तिनें तक्रार केली असती तर आम्हांस हलकें वाटलें असतें. पांच महिने एका डागाकडे पाहून तिनें आपली लेक मनानेंच उभी केली होती, ही गोष्ट आमच्या मनांतून जाईना. नवा कॅमेरा घेण्याचा विचार त्या दिवसापासून सुरू झाला.

परंतु विचार सुरू झाला म्हणजे पैसा जमला असें होत नाहीं. घरखर्च व मुलांच्या शिक्षणाचा वांटा बाजूस काढून आमच्यापाशीं वर्षाअखेर तीस हजार रुपये राहिले. कॅमेऱ्याची गोष्ट आम्हीं घरांत काढली, तेव्हां आमच्या गृहस्वामिनींनीं एकच प्रश्न विचारला: "जुन्याने जे निघत नाही, असे नेमके काय तुम्हांला काढायचे आहे?" पुढें अनेक जाणत्या लोकांनीं आम्हांस सल्ला दिला, पण ह्या प्रश्नाइतका उपयोगी सल्ला एकहि नव्हता. आम्हीं कागद घेतला व लिहिलें: "मंद उजेड, हालचाल करणारीं मुलें, अंतर पांच ते नऊ मीटर, फ्लॅश नाहीं." हा कागद पुढें आम्हीं दुकानांत खिशांत ठेवूनच गेलों.

आतां ह्या चार गोष्टींचें गणित पाहूं. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तें कसें काढलें ह्याची नोंद लिहून ठेवितो. त्या कोळीनृत्याच्या चित्राची नोंद आम्हीं उघडून पाहिली. छिद्र एफ ५.६, वेळ सेकंदाचा सहावा भाग, आणि संवेदनक्षमता आय. एस. ओ. ८००. विद्यार्थिमित्रांनीं ह्या तीन संख्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण जगांतील प्रत्येक छायाचित्र ह्या तिहींच्या मेळानें निघतें. पहिली संख्या सांगते कीं खिडकी किती रुंद उघडली. दुसरी सांगते कीं ती किती वेळ उघडी राहिली. तिसरी सांगते कीं आंत आलेल्या प्रकाशाचा आवाज किती मोठा करून ऐकला. खोलींत उजेड कमी असेल तर खिडकी रुंद करावी, अधिक वेळ उघडी ठेवावी, किंवा आवाज मोठा करावा. चौथा उपाय म्हणजे दिवे वाढविणें. तो नाटकाच्या रंगमंचावर आपल्या हातीं नसतो.

सहाव्या भागाच्या सेकंदांत नाचणाऱ्या मुलीचा हात सहज वीतभर सरकतो. म्हणजे दोष वेळेचा होता. वेळ कमी करावयाची तर खिडकी रुंद हवी. येथें एक गंमत आहे. एफ ही संख्या भिंगाच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासानें भागून येते. म्हणून ती जितकी लहान, तितकें छिद्र मोठें. शिवाय प्रकाश व्यासाच्या प्रमाणांत न वाढतां व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. एफ ५.६ ऐवजीं एफ १.८ छिद्राचें भिंग घेतलें तर ५.६ भागिले १.८ म्हणजे सुमारें ३.१, व त्याचा वर्ग सुमारें ९.७. साधारण दसपट उजेड! सहाव्या भागाऐवजीं साठाव्या भागांत तेंच काम होतें. संवेदनक्षमता ८०० वरून १६०० केली तर वेळ आणखी निम्मी होते, म्हणजे सुमारें १२५ वा भाग. ३२०० केली तर २५० वा भाग. इतक्या अल्प वेळांत नाचणारा हात जेथल्या तेथें थांबलेला दिसतो.

मग लहान कॅमेऱ्यांतच संवेदनक्षमता ३२०० करून कां भागूं नये? ह्याचें उत्तर त्याच्या अंतरंगांत आहे. कॅमेऱ्यांत पूर्वीं जेथें फिल्म असे, तेथें आतां प्रकाश टिपणारी एक पट्टी असते. तीस सेन्सर म्हणतात. आमच्या जुन्या कॅमेऱ्यासारख्या लहान यंत्रांत ती सुमारें ६.१७ मि.मी. लांब व ४.५५ मि.मी. रुंद असते. निकॉनच्या साध्या डी. एस. एल. आर. मध्यें तीच सुमारें २३.५ व १५.६ मि.मी. असते. गुणाकार करून पाहिल्यास एकीचें क्षेत्रफळ २८ चौरस मि.मी. व दुसरीचें ३६६ चौरस मि.मी. भरतें, म्हणजे तेरापट. पहिल्या पावसाचे चार थेंब पडूं लागले असतां अंगणांत एक वाटी व एक परात ठेवावी. वाटींत किती थेंब पडले हें पुष्कळसें दैवावर राहतें; परातींतील पाण्यावरून मात्र पाऊस किती पडला ह्याचा खरा अंदाज येतो. मंद उजेडांत लहान सेन्सरची गति त्या वाटीसारखी होते, आणि आवाज मोठा केला कीं चित्रावर वाळू शिंपडल्यासारखे कण दिसूं लागतात.

येथें मेगापिक्सेलविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण पालकमंडळी दुकानांत जाऊन प्रथम हाच आंकडा विचारितात. आमच्या लहान कॅमेऱ्यास १४ मेगापिक्सेल होते. आतां ए-४ आकाराचें पूर्ण पान उत्तम छापण्यास, एका इंचांत ३०० ठिपके धरले, तर ३५०८ गुणिले २४८० म्हणजे सुमारें ८.७ मेगापिक्सेल पुरतात. सहा बाय चार इंचांच्या नेहमींच्या चित्रास तर दोन-सवादोन पुरे होतात. तात्पर्य, त्या मुलीच्या चेहऱ्याचा डाग झाला तो ठिपके कमी पडले म्हणून झाला नव्हता. ठिपके पुष्कळ होते. त्यांच्यापर्यंत पोहोंचलेला प्रकाश थोडा होता.

जून महिन्यांत आम्ही मुंबईस गेलों व कोट विभागांतील बोरा बाजारांत हिंडलों. तेथें कॅमेऱ्यांचीं लहानमोठीं दुकानें एकमेकांस लागून आहेत. एका सभ्य दुकानदारानें आमच्यापुढें दोन भिंगांचा संच मांडला: एक १८ ते ५५ मि.मी. चें साधें भिंग व दुसरें ७० ते ३०० मि.मी. चें लांबचें जवळ आणणारें. "सर, ह्यांत सगळं आलं. मागच्या बांकावर बसून नाकावरची माशीसुद्धां टिपाल," असें तो हंसत म्हणाला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. मैदानावरील सामन्यांसाठीं तें भिंग उत्तमच. पण आम्हीं खिशांतील कागद काढला. त्या लांबच्या भिंगाचें छिद्र त्याच्या टोकास एफ ६.३ पर्यंत अरुंद होतें. ६.३ भागिले १.८ म्हणजे साडेतीन, व त्याचा वर्ग बारा. बारापट अंधार विकत घेऊन आम्हीं परत यावयाचें, असा त्या संचाचा अर्थ झाला असता.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशास? प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. आमच्या नववीच्या वर्गांतील एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें हेंच विचारिलें. त्यास आम्हीं सांगितलें तें असें: मोबाइलचा कॅमेरा हल्लीं फार हुशार झाला आहे. तो एका क्षणांत अनेक चित्रें घेतो, त्यांचा मेळ घालितो व अंधारांतूनहि स्वच्छ देखावा उभा करितो. देऊळ, डोंगर, ताटांतील जेवण हीं स्थिर असतात, तोंवर ही युक्ति छान चालते. नाचणारें मूल अनेक चित्रांत अनेक ठिकाणीं असतें. त्याचा मेळ घालतां घालतां यंत्राची तारांबळ होते. शिवाय नऊ मीटरांवरील चेहरा बोटांनीं मोठा करूं गेल्यास मूळ चित्राचा एक कोपराच ताणला जातो. तथापि ज्याला आपलें कोणतें चित्र मोबाइलवर निघत नाहीं हें सांगतां येत नसेल, त्यानें मोठ्या कॅमेऱ्यावर एक रुपयाहि खर्च करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. डी. एस. एल. आर. चा काळ आतां उतरणीस लागला आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्यांत चित्राचे ठिपके केवळ दहा हजार होते, व तें चित्र फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. १९९१ सालीं कोडॅकनें निकॉनच्या अंगांत डिजिटल पट्टी बसवून व्यवसायी छायाचित्रकारांसाठीं कॅमेरा विक्रीस आणिला. २००३ सालीं कॅननचा ३००डी निघाला आणि हें यंत्र हौशी माणसांच्या आटोक्यांत आलें. पुढें २०१८ सालीं निकॉन व कॅनन ह्या दोन्ही कंपन्यांनीं बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका सुरू केल्या. निकॉनचा डी६ व कॅननचा ८५०डी हे २०२० सालचे. त्यानंतर त्यांचें सारें लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. मग मावळत्या वस्तूवर पैसा कां घालावा?

ह्याचें उत्तर आमच्या तीस हजारांनींच दिलें. नव्या पद्धतीचा कॅमेरा व त्यास लागणारें उजेडाचें भिंग त्या रकमेंत बसत नव्हतें. उलट, पुष्कळ लोक आरसा सोडून नव्याकडे वळल्यामुळें त्यांचीं जुनीं यंत्रें व भिंगें बाजारांत सवंग मिळूं लागलीं आहेत. निकॉनच्या भिंग बसविण्याच्या तोंडाची रचना १९५९ सालची व कॅननची १९८७ सालची. तेव्हां भिंगांचा तुटवडा नाहीं. ज्यास पुढें हा धंदा करावयाचा आहे किंवा ज्यापाशीं पैसा मोकळा आहे, त्यानें खुशाल नव्या मार्गानें जावें. आम्हांस दहा वर्षें शाळेचीं मुलें टिपावयाचीं होतीं. तेवढ्यास जुनें यंत्र पुरेल.

शिकणाऱ्यास आरशाचा आणखी एक फायदा आहे. भिंगांतून आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडून वर वळतो, व दोनतीन परावर्तनें होऊन डोळ्यापाशीं सरळ चित्र म्हणून पोहोंचतो. कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, सेन्सरवर प्रकाश पडतो, पडदा मिटतो व आरसा पुन्हां खालीं येतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवावें तितक्यांत घडतें. आतां पहा, आरसा वर असतांना डोळ्यापुढें अंधार असतो. म्हणजे ज्या क्षणाचें चित्र निघतें, नेमका तो क्षण चित्र काढणाऱ्यास दिसत नाहीं! तो आधीं ओळखावा लागतो. म्हणूनच आम्ही पुढें नृत्याच्या तालमींना जाऊन बसूं लागलों. कोणत्या ओळीवर मुली वळतात, कोणत्या ठेक्यावर पळभर थांबतात, हें आम्ही पाहून ठेवीत असूं.

निवडीस तीन यंत्रें उरलीं. पहिला कॅननचा १५००डी, नवा. पण त्याच्याबरोबर साधें भिंग घेतल्यावर दुसऱ्या भिंगास पैसे उरत नव्हते. दुसरा निकॉनचा डी७०००, जुना. त्याचें बांधकाम भक्कम, डोळ्याची खिडकी मोठी, व जुनीं भिंगें फिरविण्यास अंगांत मोटर. मात्र केवळ अंगाचेंच वजन ६९० ग्रॅम. तिसरा निकॉनचा डी५३००, २०१३ सालचा, जुना. त्याच्या अंगांत मोटर नाहीं, म्हणून ज्या भिंगांत स्वतःची मोटर असेल तींच त्यावर आपोआप नेम धरितात. पण आम्हांस हवें असलेलें ३५ मि.मी. एफ १.८ हें भिंग मोटरीसकट येतें. तेव्हां नसलेल्या वस्तूची आम्हांस गरजच नव्हती. शिवाय ह्या यंत्राचें अंग ४८० ग्रॅमचें, आणि मागचा पडदा बाजूस वळणारा, त्यामुळें बालवर्गांतील मुलांचीं चित्रें त्यांच्या उंचीवरून घेण्यास सोईचें. तिन्ही यंत्रें आम्हीं एकामागून एक पांच-पांच मिनिटें डोळ्याशीं धरून पाहिलीं. शाळेंतील मुलामुलींच्या हातीं द्यावयाचें म्हणजे हलकें यंत्र बरें, असें ठरून डी५३०० घेतला.

भिंग ३५ चें कां, ५० चें कां नाहीं? येथें समरूप त्रिकोणांनीं साह्य केलें. सेन्सरची रुंदी २३.५ मि.मी.; आमच्या रंगमंचाची रुंदी सहा मीटर. ६ गुणिले ३५ भागिले २३.५ म्हणजे सुमारें नऊ मीटर. नऊ मीटरांवर बसलें तर सबंध रंगमंच चित्रांत मावतो. पांच मीटरांवर गेलें तर ३.३६ मीटरांचा भाग, म्हणजे चारपांच मुली, मोठ्या दिसतात. ५० च्या भिंगानें सबंध रंगमंच घेण्यास पावणेतेरा मीटर मागें जावें लागतें, आणि आमच्या सभागृहांत तेथें दरवाजा आहे.

जुनें यंत्र घेणाऱ्यानें कांहीं परीक्षा अवश्य कराव्यात. पडदा किती वेळां उघडला ह्याची संख्या पाहावी. साध्या यंत्राचा पडदा सुमारें एक लाख वेळां चालेल असा अंदाज धरितात, आणि आम्हीं घेतलेल्याचा चौदा हजार वेळां चालला होता. भिंग उजेडाकडे धरून मागून विजेरी दाखवावी; आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी समजावी, व तें भिंग कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. छिद्र एफ १६ करून मोकळ्या आकाशाचें एक चित्र घ्यावें. सेन्सरवर धूळ असल्यास त्यांत काळे ठिपके उमटतात. बॅटरी फुगलेली नाहीं ना हें बघावें. यंत्रावरील क्रमांक व पावतीवरील क्रमांक जुळवून पाहावा. चोरीचा माल स्वस्त असला तरी तो महागच पडतो. आणि घरीं आणल्यावर पावसाळ्यांत तें घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. आपल्या हवेंत बुरशी हा भिंगांचा मोठा शत्रु आहे.

हिशेब असा झाला: अंग व साधें १८ ते ५५ चें भिंग मिळून २०,००० रुपये, ३५ चें भिंग, तेंहि जुनें, ८,००० रुपये, कार्ड, पिशवी व डबा मिळून १,५०० रुपये. एकंदर २९,५००. उरलेल्या पांचशेंतून गाडीभाडें भागलें.

गेल्या डिसेंबरांत संमेलन झालें. ती मुलगी आतां आठवींत, व ह्या खेपेस लेझीम पथकाच्या पुढें होती. आय. एस. ओ. ३२००, एफ १.८, सेकंदाचा २५० वा भाग. चित्रांत कण आहेत; जाणता मनुष्य दोषहि दाखवील. पण लेझीम वर उचललेली, वेणी हवेंत उडालेली, आणि ओठ दांतांखालीं दाबून धरण्याची तिची संवय, हें सारें जसेंच्या तसें उतरलें आहे. आम्हीं त्याच्या दोन प्रती छापून मुकादमाच्या हातीं दिल्या.

ह्यानंतर आम्हीं शनिवारीं अर्धा दिवस शाळा सुटल्यावर दहा-बारा मुलामुलींस कॅमेरा शिकवावयास सुरुवात केली. आपल्या प्रांतांत ही विद्या जुनीच आहे. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांचें मंडळ स्थापन झालें, आणि डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे एक नामांकित छायाचित्रकार होते. मुलींस आम्हीं होमाई व्यारावाला ह्यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या ह्या बाई भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. त्यांच्या हातांतील यंत्र आमच्या यंत्राहून पुष्कळ जड होतें, हें ऐकून मुलींस विशेष आनंद झाला.

एप्रिलांत टोळी परत आली. निकालाच्या आधीं एके दिवशीं ती आई लेकीस भेटावयास आली, तेव्हां मुलगी आम्हांस म्हणाली, "सर, मी काढू का आईचा फोटो? आधारकार्डावरला सोडला तर तिचा एकही नाही." आम्हीं यंत्र तिच्या हातीं दिलें व बाजूस झालों. तिनें आईस लिंबाच्या सावलींत, पण उजेडाकडे तोंड करून उभें केलें. एफ किती, वेळ किती, हें मोठ्यानें पुटपुटत ठरविलें. आणि आईनें पदर सांवरून पुन्हां हात खालीं घेईपर्यंत ती थांबून राहिली. कळ दाबण्यापूर्वींचा तिचा तो धीर पाहून आमची खात्री झाली कीं, यंत्र योग्य ठिकाणीं पोहोंचलें.

पालकहो, आपलें मूल कॅमेरा मागूं लागलें तर त्यास प्रथम एक कागद द्या, व जुन्यानें काय निघत नाहीं तें त्यावर लिहावयास सांगा. कागद कोरा राहिला तर पैसे वांचले. लिहिलें गेलें तर अंगापेक्षां भिंगाचा विचार अधिक करा, कारण अंग कांहीं वर्षांनीं जुनें होतें, पण चांगलें भिंग पुढच्या अंगावरहि चढतें. नवें घेण्याची ऐपत नसेल तर जुनें पारखून घेण्यांत कमीपणा मानूं नका. आणि विद्यार्थिमित्रहो, यंत्र हातीं आल्यावर पहिला महिना एकाच भिंगानें, एकाच मनुष्याचीं, दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरीं चित्रें काढा. उजेड कोठून येतो आणि कोठें पडतो, हें डोळ्यांस आपोआप कळूं लागेल, आणि कोणास उजेडांत आणावें हेंहि मग फार विचारावें लागणार नाहीं.